हुर्यो उडवलेल्या क्वार्टरबॅकचा फेरविचार: अँड्र्यू लक आणि इंडियानापोलिसचे चाहते

प्रकरण कशाचं आहे

अमेरिकन फुटबॉलमधला एक अव्वल खेळाडू वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी निवृत्त झाला. ती बातमी फुटली त्या रात्री त्याच्याच घरच्या मैदानावर, त्याच्याच संघाच्या चाहत्यांनी त्याची हुर्यो उडवली. पुढच्या पाच-सहा वर्षांत त्याच शहराचं त्याच्याविषयीचं मत हळूहळू पालटलं. खेळाडू अँड्र्यू लक, संघ इंडियानापोलिस कोल्ट्स. खेळाडू, मालक, प्रशिक्षक ही सार्वजनिक जीवनातली माणसं असल्यामुळे त्यांची नावं इथे दिली आहेत. चाहत्यांची दिलेली नाहीत. ते इथे एक समूह म्हणून येतात, आणि समूह म्हणूनच ते चुकले व बदलले.

‘काळ गेला, राग निवळला’ असं म्हणून हे प्रकरण मिटवता येईल, पण ते खरं वाटत नाही. त्याच शहरातला, लकच्या आधी त्याच जागी खेळलेल्या पेटन मॅनिंगला सोडून देण्याचा वाद बारा-तेरा वर्षांनंतरही निघाला की आवाज चढतात. लकच्या बाबतीत मत पालटलं, कारण ज्या माहितीवर त्या रात्री निकाल दिला गेला ती अपुरी होती. उरलेली माहिती नंतर तुकड्या-तुकड्यांनी पुढे येत गेली. आणि मला वाटतं, खरा चुकीचा निर्णय २०१९ च्या ऑगस्टमध्ये झालाच नव्हता. तो तीन-चार वर्षं आधीच होऊन गेला होता, आणि तेव्हा स्टेडियममध्ये टाळ्या वाजत होत्या.

या खेळाची ओळख नसलेल्यांसाठी एवढंच: क्वार्टरबॅक हा आक्रमणाचा सूत्रधार. प्रत्येक चालीत चेंडू आधी त्याच्या हातात येतो. दोन-तीन सेकंदांत तो कुणाकडे फेकायचा हे त्याला ठरवावं लागतं, आणि तेवढ्यात समोरून सव्वाशे-दीडशे किलोची माणसं त्याच्यावर धावून येतात. त्यांना अडवायला पाच जणांची फळी असते. फळी फुटली आणि चेंडू हातात असतानाच क्वार्टरबॅक आडवा झाला, की त्याला ‘सॅक’ म्हणतात. सगळं प्रकरण या एका शब्दाभोवती फिरतं.

पार्श्वभूमी

इंडियाना हे मुळात बास्केटबॉलवेडं राज्य. कोल्ट्स तिथे १९८४ मध्ये आले, तेही बाल्टिमोरहून रातोरात ट्रक भरून. पहिली काही वर्षं सुमार गेली. १९९८ मध्ये ड्राफ्टमधून, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतून, पहिल्या क्रमांकावर पेटन मॅनिंग आला आणि शहर फुटबॉलचं झालं. २००७ च्या फेब्रुवारीत सुपर बोल, म्हणजे एनएफएल या व्यावसायिक लीगची अंतिम लढत, जिंकला. २००८ मध्ये लुकास ऑइल स्टेडियम उभं राहिलं.

२०११ मध्ये मानेच्या शस्त्रक्रियांमुळे मॅनिंग पूर्ण मोसम बाहेर बसला आणि संघ १६ पैकी १४ सामने हरला. त्याच वर्षी स्टॅनफर्ड विद्यापीठात लक नावाचा मुलगा असा काही खेळत होता, की वाईट खेळणाऱ्या संघांचे चाहते उघडपणे ‘लक हवा असेल तर हरा’ अशा घोषणा देत होते. हरण्याच्या या स्पर्धेत कोल्ट्स जिंकले. मार्च २०१२ मध्ये मॅनिंगला मोकळं केलं आणि एप्रिलमध्ये लकला पहिल्या क्रमांकावर घेतलं. शहराने आपला सर्वांत लाडका माणूस देऊन हा मुलगा मिळवला होता, म्हणजे त्याच्याकडून पुढची पंधरा वर्षं येणं आहे असंच चाहते धरून चालले. त्या रात्रीच्या हुर्योचं मूळ मला इथे दिसतं.

एक गोष्ट तेव्हाच लक्षात यायला हवी होती. लक २०११ च्या ड्राफ्टमध्येही आला असता तर बहुधा पहिलाच निवडला गेला असता. तो गेला नाही. वास्तुरचनेची पदवी पूर्ण करायची म्हणून वर्षभर मागे थांबला. दुखापत झाली असती तर कोट्यवधी डॉलर बुडाले असते. तेव्हा सगळ्यांनी त्याच्या समंजसपणाचं कौतुक केलं. पैशापलीकडे पाहून वेळीच थांबणारा हा माणूस आहे, हे त्याने विशी-एकविशीतच दाखवून दिलं होतं.

मैदानावर त्याने अपेक्षेपेक्षा लवकर फळ दिलं. पहिल्याच मोसमात ११ विजय आणि ४,३७४ यार्डांच्या फेकी. नवख्या खेळाडूसाठी तो विक्रम होता. मुख्य प्रशिक्षक चक पगानो यांना त्याच वर्षी रक्ताचा कर्करोग झाला, ब्रूस एरियन्स यांनी हंगामी सूत्रं सांभाळली आणि तरीही संघ प्लेऑफमध्ये, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेरीत, गेला. जानेवारी २०१४ मध्ये कॅन्सस सिटीविरुद्ध ३८-१० असा मागे असलेला सामना ४५-४४ असा जिंकला. त्यात सहकाऱ्याच्या हातून निसटून अंगावर आलेला चेंडू उचलून लकने स्वतः गोलरेषेपलीकडे झेप घेतली होती. ते दृश्य त्या शहरात अजून दाखवलं जातं. २०१४ मध्ये त्याने लीगमध्ये सर्वाधिक ४० टचडाउन फेकी, म्हणजे चेंडू गोलरेषेपार नेऊन गुण मिळवणाऱ्या फेकी, केल्या, आणि प्लेऑफमध्ये डेन्व्हरला जाऊन आता तिथे खेळणाऱ्या खुद्द मॅनिंगला हरवलं.

आणि तो होताही आवडण्यासारखाच. दाढी वाढवलेला, साधा, पुस्तकं वाचणारा, लोकांनी वाचावं म्हणून वाचक-मंडळ चालवणारा. आपल्याला आडवं करणाऱ्या प्रतिस्पर्ध्याला तो उठताना ‘छान टोला मारलास’ असं म्हणायचा. बचावपटूंना हे भयंकर विचित्र वाटे. चाहत्यांना मात्र ते गोड वाटायचं, आणि आज मागे वळून पाहताना तिथेच जरा खटकतं: हा माणूस इतक्या वेळा खाली का पडतोय, हे कुणी विचारत नव्हतं असं नाही, पण पडून पुन्हा उठतोय याचंच कौतुक जास्त होतं.

अडचण

पहिल्या मोसमात लक ४१ वेळा सॅक झाला. पुढे ३२, मग २७. सॅक न होता फेकीनंतर खाल्लेले टोले वेगळेच. त्याच्यासमोर भक्कम फळी उभी करणं हे महाव्यवस्थापक रायन ग्रिगसन यांचं पहिलं काम होतं. ते झालं नाही. २०१३ च्या मोसमात पुढच्या वर्षीचा पहिल्या फेरीतला हक्क देऊन क्लीव्हलँडकडून ट्रेंट रिचर्डसन हा चेंडू घेऊन पळणारा खेळाडू घेतला आणि तो साफ फसला. २०१५ मध्ये पहिल्या फेरीत आणखी एक रिसीव्हर, म्हणजे चेंडू झेलणारा, निवडला. चेंडू फेकणाऱ्याला वाचवायचं कुणी, हा प्रश्न तसाच राहिला. पहिल्या फेरीत फळीतला माणूस आला तो २०१६ मध्ये, रायन केली.

तोवर शरीराने हिशेब मांडायला सुरुवात केली होती. २०१५ च्या तिसऱ्या सामन्यात फेकीच्या खांद्याला इजा झाली. थोडं थांबून तो परतला. नोव्हेंबरमध्ये डेन्व्हरविरुद्ध मूत्रपिंडाला चीर गेली आणि पोटाचा स्नायू अर्धवट फाटला. तो सामना त्याने तसाच पूर्ण केला आणि जिंकून दिला. मग मोसम संपला. बरगड्यांची कूर्चा आणि डोक्याला बसलेला धक्का हेही त्या काळातल्या यादीत आहेत.

जून २०१६ मध्ये त्याच्याशी सहा वर्षांचा, सुमारे १४ कोटी डॉलरचा करार झाला. लीगमधला तेव्हाचा तो सर्वांत मोठा आकडा होता. पण खांदा दुखराच होता. त्याच दुखऱ्या खांद्यावर तो २०१६ चा मोसम खेळला, १६ पैकी १५ सामने. पुन्हा ४१ सॅक. संघ ८-८, म्हणजे ८ विजय आणि ८ पराभव. जानेवारी २०१७ मध्ये शस्त्रक्रिया झाली.

मग २०१७ चं ते लांबलेलं वर्ष. क्लबकडून येणारा प्रत्येक निरोप आशेचा असायचा: लवकरच येईल, तब्येत सुधारतेय. ऑक्टोबरमध्ये तो सरावाला आला, खांदा पुन्हा दुखू लागला, आणि एकही सामना न खेळता वर्ष संपलं. उपचारांसाठी तो काही काळ नेदरलँड्समध्ये होता. २०१५ ते २०१७ या तीन मोसमांत मिळून त्याचे २६ सामने हुकले.

नवे महाव्यवस्थापक ख्रिस बॅलर्ड आणि प्रशिक्षक फ्रँक राइक यांनी २०१८ मध्ये ती फळी एकदाची बांधली. ड्राफ्टमध्ये सहाव्या क्रमांकावर क्वेंटन नेल्सनसारखा दांडगा खेळाडू घेतला. परिणाम लगेच दिसला: पूर्ण मोसमात लक फक्त १८ वेळा सॅक. संघाने १-५ अशा सुरुवातीनंतर पुढच्या १० पैकी ९ सामने जिंकले. लकच्या ३९ टचडाउन फेकी आणि पुनरागमन करणाऱ्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार. चाहत्यांना वाटलं, संकट सरलं. २०१९ चा संघ सुपर बोलच्या दावेदारांत मोजला जात होता.

ऑगस्ट २०१९: कुणासमोर काय पर्याय होते

त्या उन्हाळ्यात लकचा पाय दुखत होता. आधी सांगितलं गेलं पोटरी. मग घोट्याचं काहीतरी. मध्येच मालक जिम अर्से म्हणाले, छोट्याशा हाडाचा प्रश्न आहे. चाहत्यांना २०१७ आठवलं, पण लक निवृत्त होईल असं कुणाच्या मनातही नव्हतं.

लकसमोर चार वाटा होत्या. पहिली, दुखत्या पायाने खेळायचं. २०१६ मध्ये त्याने तेच केलं होतं, आणि पुन्हा त्या वाटेने जायचं नाही असं स्वतःशी ठरवलं होतं, असं त्याने पुढे सांगितलं. दुसरी, जखमी खेळाडूंच्या यादीत जाऊन मोसमभर पगार घेत बसायचं. नियमाने यात काही गैर नव्हतं, आणि आर्थिकदृष्ट्या हीच शहाणपणाची वाट होती. तिसरी, आणखी काही आठवडे उपचार करून वाट पाहायची. चौथी, थांबायचं.

दुसऱ्या पर्यायाकडे जरा थांबून पाहावंसं वाटतं. लक त्या यादीत गेला असता तर स्टेडियममध्ये कुणी चकार शब्द काढला नसता. संघ वर्षभर ‘येईल, येईल’ म्हणत राहिला असता, आणि मार्चमध्ये तो शांतपणे निवृत्त झाला असता. पैसे मिळाले असते आणि हुर्योही टळली असती. म्हणजे चाहत्यांच्या रागाला ज्या वागणुकीने आमंत्रण दिलं, ती त्यातल्या त्यात प्रामाणिक होती. मनातून निर्णय झाल्यावर पगार घेत राहणं त्याला जमलं नाही.

क्लबसमोरचा प्रश्न पैशांचा होता. करारातल्या बोनसपैकी सुमारे २ कोटी ४८ लाख डॉलर कोल्ट्स परत मागू शकले असते. याचे दाखले होते. डेट्रॉइटचा बॅरी सँडर्स १९९९ मध्ये अचानक निवृत्त झाला, तेव्हा क्लबने बोनसचा हिस्सा मागितला आणि प्रकरण लवादापर्यंत गेलं. त्याच क्लबने २०१६ मध्ये कॅल्विन जॉन्सनकडूनही रक्कम वसूल केली, आणि त्याचा कडवटपणा पुढे कित्येक वर्षं टिकला.

त्या रात्री काय झालं

ठरलं होतं असं: शनिवारी २४ ऑगस्टला शिकागोविरुद्ध सरावाचा सामना, आणि रविवारी पत्रकार परिषद. बातमी शनिवारी सामना चालू असतानाच फुटली. लक साध्या कपड्यांत मैदानाच्या कडेला सहकाऱ्यांसोबत उभा होता. वर हजारो लोकांच्या हातातल्या फोनवर एकच ओळ झळकत होती. सामना संपला, तो आत जायला निघाला, आणि हुर्यो सुरू झाली.

पंधरा दिवसांनी, ८ सप्टेंबरला, मोसमाचा पहिला सामना होता. मोसमाची तिकिटं घेतलेल्यांनी पैसे भरले होते ते या माणसाला बघायला. नवा क्वार्टरबॅक शोधायला बाजारात कुणी उरलं नव्हतं. त्यामुळे राग यावा यात नवल नाही. पण रागावलेल्या माणसाला तेव्हा काय माहीत होतं? लकच्या तोंडून एक शब्दही ऐकला नव्हता. कारण माहीत नव्हतं. हातात होती ती बातमीची एक ओळ, आणि समोर चालत जाणारा धडधाकट दिसणारा माणूस.

आपल्याकडे मार्च २००६ मध्ये वानखेडेवर हेच झालं होतं. इंग्लंडविरुद्ध सचिन तेंडुलकर एक धाव करून परतला आणि मुंबईच्याच प्रेक्षकांतल्या काहींनी त्याची हुर्यो उडवली. त्यानंतर काही दिवसांतच त्याच्या खांद्यावर लंडनमध्ये शस्त्रक्रिया झाली. आत काय फाटलंय हे स्टेडियमच्या वरच्या मजल्यावरून कधीच दिसत नाही.

लकने रविवारची वाट न पाहता त्याच रात्री पत्रकारांसमोर येऊन बोलायचं ठरवलं. डोळे भरलेले, आवाज मध्येच थांबत होता. चार वर्षं दुखापत, वेदना, उपचार, पुन्हा दुखापत या चक्रात आपण अडकलोय, त्याने खेळाचा आनंद हिरावून घेतला, आणि बाहेर पडायचा एकच मार्ग दिसतो, असं त्याने सांगितलं. हुर्यो ऐकू आली का, असं विचारल्यावर ऐकली आणि लागली, हेही त्याने लपवलं नाही.

एका रेडिओ समालोचकाने ही नव्या पिढीची नाजूक प्रकृती असल्याचा शेरा मारला. त्याला सर्वांत कडक उत्तर डॅलसचा माजी क्वार्टरबॅक ट्रॉय एकमन याने दिलं. एकमनची स्वतःची कारकीर्द डोक्याच्या आणि पाठीच्या दुखण्यांनी संपली होती. प्रतिस्पर्धी संघांतले खेळाडूही लकच्या बाजूने बोलले. ज्यांनी असले टोले खाल्ले होते त्यांना समजावून सांगावं लागलं नाही.

मालक अर्से यांनी पैसे परत मागितले नाहीत. पूर्ण कारकीर्द खेळला असता तर मिळू शकले असते असे ४५ कोटी डॉलर हा सोडून चाललाय, असा अंदाजही त्यांनी त्याच रात्री बोलून दाखवला. या प्रकरणातला हा मला सर्वांत दूरदृष्टीचा निर्णय वाटतो. वसुली झाली असती तर चाहत्यांच्या रागाला क्लबचा शिक्का मिळाला असता. मालकानेच हिशेब सोडून दिल्यावर बाकीच्यांना तो धरून बसणं अवघड झालं.

मत कसं पालटलं

पहिल्या वर्षी फारसं पालटलं नाही. लकच्या जागी आलेला राखीव क्वार्टरबॅक जकोबी ब्रिसेट याने सुरुवात ५-२ अशी छान केली, आणि संघ ७-९ वर घसरला. लक असता तर, हे वाक्य त्या मोसमात रागाने म्हटलं जात होतं.

मग एकामागून एक क्वार्टरबॅक आले. २०२० मध्ये ३८ वर्षांचा फिलिप रिव्हर्स. तो एक मोसम बरा खेळून थांबला. २०२१ मध्ये कार्सन वेंट्झ. शेवटच्या सामन्यात जिंकलं की प्लेऑफ नक्की होतं, समोर लीगमधला सर्वांत दुबळा जॅक्सनव्हिल, आणि कोल्ट्स २६-११ हरले. २०२२ मध्ये मॅट रायन. त्या वर्षी राइक यांना मोसमाच्या मध्येच काढलं आणि डिसेंबरमध्ये मिनेसोटाविरुद्ध ३३-० अशी आघाडी घालवून संघ ३९-३६ हरला. लीगच्या इतिहासातलं ते सर्वांत मोठं उलटफेर ठरलं. २८ गुणांनी मागे पडून जिंकलेल्या लकच्या सामन्याची आठवण त्या आठवड्यात कुणाला झाली नसेल असं होणं शक्य नाही. २०२३ मध्ये नवखा अँथनी रिचर्डसन आला आणि पाचव्या सामन्याच्या आसपास खांद्याच्या दुखापतीने मोसमाबाहेर गेला. पुन्हा खांदा.

या रांगेतून चाहत्यांना दोन गोष्टी कळल्या. लकच्या तोडीचा क्वार्टरबॅक मिळणं किती दुर्मीळ आहे ही एक. मॅनिंगनंतर लगेच लक मिळाल्याने त्या शहराला ते नळाच्या पाण्यासारखं वाटू लागलं होतं. दुसरी गोष्ट अशी की क्लबच्या चुका लक नसतानाही चालूच राहिल्या. म्हणजे सगळा दोष त्या एका रात्रीच्या माथी मारता येईना. हळूहळू बोट ग्रिगसन यांच्या काळाकडे वळलं, आणि ४१ सॅकचे दोन मोसम लोक नव्याने मोजू लागले.

तिसरी गोष्ट लकने केली नाही, म्हणून घडली. तो परत आला नाही. न्यू इंग्लंडचा नामवंत खेळाडू रॉब ग्रॉन्कोव्स्की लकच्याच वर्षी, एकोणतिसाव्याच वर्षी निवृत्त झाला आणि वर्षभराने दुसऱ्या संघातून खेळायला उतरला. लकच्या बाबतीतही दर उन्हाळ्यात अफवा उठायच्या. तो वाहिन्यांवर तज्ज्ञ म्हणून बसला नाही, जाहिरातींत फारसा दिसला नाही. आपली बाजू मांडत फिरला नाही. ‘खरंच खेळायचं नव्हतं की इथे खेळायचं नव्हतं?’ ही चाहत्यांची बोचरी शंका त्याच्या गप्प राहण्याने आपोआप विरली.

२०२२ च्या अखेरीस तो सविस्तर बोलला तेव्हा ऐकणारे वेगळ्या मनःस्थितीत होते. क्वार्टरबॅकला सगळं ताब्यात ठेवायची सवय लागते आणि ती घरातही शिरते, हे त्याने कबूल केलं. तेव्हा तो स्टॅनफर्डमध्ये शिक्षणशास्त्र शिकत होता. पुढे पालो आल्टोतल्या शाळकरी मुलांच्या संघाला शिकवायलाही गेला. नोव्हेंबर २०२४ मध्ये स्टॅनफर्डच्या फुटबॉल संघाचा महाव्यवस्थापक झाला. सलग चार मोसम ३-९ असा खेळलेला तो संघ होता. २०२५ च्या मार्चमध्ये तिथल्या मुख्य प्रशिक्षकाला हटवावं लागलं, तेव्हा हंगामी प्रशिक्षक म्हणून आले फ्रँक राइक. मोसमाला पंधरा दिवस असताना लकच्या निवृत्तीचा सर्वांत मोठा फटका ज्यांना बसला तेच हे. चाहत्यांच्या मतापेक्षा मला ही साक्ष अधिक वजनदार वाटते.

फेरविचारातही गडबड आहे

लंबक आता दुसऱ्या टोकाला गेलाय. अलीकडे लकविषयी असं बोललं जातं, जणू तो आणखी दोन-तीन वर्षं खेळला असता तर सुपर बोल ठेवलेलाच होता. नोंदी एवढं सांगत नाहीत. ८६ सामन्यांत ५३ विजय, १७१ टचडाउन फेकी, ८३ वेळा चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हाती. प्लेऑफमध्ये ४ विजय, ४ पराभव. टॉम ब्रेडीच्या न्यू इंग्लंडविरुद्ध तो सहा वेळा खेळला आणि सहाही वेळा हरला, त्यात जानेवारी २०१५ चा ४५-७ हा मानहानीचा सामनाही आला. २०१८ च्या सुंदर मोसमाचा शेवटही कॅन्सस सिटीत ३१-१३ असाच झाला, आणि समोर तिथला तरुण क्वार्टरबॅक पॅट्रिक माहोम्स होता. तो कुठेही जाणार नव्हता.

हॉल ऑफ फेमचा, म्हणजे खेळातल्या थोरांच्या मानाच्या यादीचा, वाद याच्याशीच जोडलेला. लकच्या बाजूचे गेल सेयर्स आणि टेरेल डेव्हिस यांची नावं घेतात: सेयर्सचे ६८ सामने, डेव्हिसचे ७८, आणि दोघेही आत. तुलना सोयीची आहे, पण डेव्हिसकडे दोन सुपर बोल होते आणि सेयर्सचा खेळ बघणाऱ्यांनी पुन्हा तसा पाहिला नाही. लकच्या कारकिर्दीत शिखराच्या जागी ‘होऊ शकलं असतं’ आहे. कॉलेज फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये तो २०२२ च्या तुकडीत निवडला गेला, ते निर्विवाद. व्यावसायिक हॉलच्या बाबतीत माझं मत नकाराकडे झुकतं, आणि त्याने त्याच्या मोठेपणात काही उणं होतं असं मला वाटत नाही.

सगळं खापर ग्रिगसन यांच्यावर फोडणंही जरा सोयीचंच आहे. फळी कमकुवत होती, खरंच. पण लक चेंडू फार वेळ हातात धरायचा, अंगावर धावून येणाऱ्याकडे दुर्लक्ष करून लांबची फेक शोधायचा, पळताना घसरून वाचण्याऐवजी टक्कर घ्यायचा. २०१८ मध्ये राइक यांनी त्याला चेंडू लवकर सोडायला लावलं, सॅक उतरले त्याचं अर्धं श्रेय त्यालाही जातं. जुन्या लकची ती सवय स्टेडियमला फार आवडायची.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत महत्त्वाचा फाटा २०१५ चा शेवट ते २०१६ चा उन्हाळा. शस्त्रक्रिया वर्षभर आधी झाली असती तर एक मोसम गेला असता, दोन नव्हे, आणि दुखऱ्या खांद्यावर ते ४१ सॅक पडले नसते. निर्णय लकचा, डॉक्टरांचा आणि क्लबचा मिळून होता. त्या वर्षी तो बसला असता तर, इतका मोठा करार करून लगेच बसला म्हणून, तेव्हाही हुर्यो उडाली असती असा माझा अंदाज आहे. तशी हुर्यो झेलायची तयारी क्लबने ठेवायला हवी होती.

दुसरा मुद्दा माहितीचा. २०१७ मध्ये वर्षभर गोड निरोप, २०१९ मध्ये दुखण्याचं नाव दर आठवड्याला वेगळं. खेळाडूची वैद्यकीय माहिती चव्हाट्यावर मांडा असं कुणी म्हणत नाही. पण ‘किती दिवस लागतील सांगता येत नाही’ एवढं खरं वाक्य तरी बोलता आलं असतं. आशेवर ठेवलेला माणूस वाईट बातमीने जास्त चिडतो.

वेळेचा आक्षेप मात्र अजूनही टिकतो, आणि तो चाहत्यांपेक्षा सहकाऱ्यांचा आहे. जुलैमध्ये निर्णय झाला असता तर संघाला लकविना मोसमाची तयारी करायला जास्त वेळ मिळाला असता. लकची बाजू अशी की असा निर्णय तारीख ठरवून होत नाही. पाय बरा होईल या आशेने तो स्वतःही थांबला होता. मला ही बाजू पटते. तरी ज्यांच्या करारांची मुदत त्या वर्षी संपत होती त्यांना ती पटायलाच हवी असं मी म्हणणार नाही.

त्या शनिवारबद्दल शेवटचं. काही दिवसांपासून क्लबमधल्या काही जणांना ही गोष्ट माहीत होती. अशी बातमी रविवारपर्यंत दाबून राहील हा भरवसा भाबडा होता. लकला त्या सामन्याला मैदानाच्या कडेला उभं करायची काहीही गरज नव्हती. जखमी खेळाडू घरी थांबले तर कुणी विचारत नाही. आणि बातमी फुटल्यावर सामना संपायला अजून वेळ होता. तेवढ्यात त्याला मागच्या वाटेने आत नेता आलं असतं, किंवा ध्वनिक्षेपकावरून एवढं तरी सांगता आलं असतं, की अँड्र्यू थोड्या वेळात स्वतः बोलणार आहे.